कुडण्याचं गुजिर

डिचोली आणि शेजारचा फोंडा, या दोन तालुक्यांत मिळून आपल्या धर्माच्या तीन ठळक पडक्या वास्तू आहेत. गावांनी त्यांना तीन वेगळी नावं दिली आहेत. बांदिवड्याला आहे ती 'जैन बस्ती'. नार्व्याला आहे तो 'जैनकोट'. आणि कुडण्याला आहे ते 'गुजिर'. पहिल्या दोन नावांत आपला शब्द सरळ दिसतो, म्हणून तिथे कुणी फारसं काही विचारत नाही. कुडण्याचं नाव मात्र ऐकणाऱ्याला थांबवतं. गुजिर हे कुठल्या तीर्थंकरांचं नाव नाही, कुठल्या यक्ष-यक्षीचं नाही, कुठल्या राजाचंही नाही. गावातल्या एका आजींना मी विचारलं, "आजी, गुजिर म्हणजे काय हो?" त्या म्हणाल्या, "आमी गुजिरच म्हणटात." एवढंच उत्तर. त्यांच्या आजीही गुजिरच म्हणत असणार, आणि तिच्या आजीलाही त्याचा अर्थ कुणी सांगितला नसणार.

माझं माहेर कोल्हापूरचं. लग्न होऊन डिचोलीला आले त्याला आता तीस वर्षं होत आली. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या बाजूला वाढलेल्या आपल्या बायकांना गावात बस्ती असणं म्हणजे गावात विहीर असण्यासारखंच वाटतं. सकाळी दर्शन घेतल्याशिवाय चहा नाही, अशी घरं आपण पाहिलेली असतात. इथे आल्यावर कळलं की, काही तासांच्या अंतरावर सगळं बदलतं. २०११ च्या जनगणनेत साऱ्या गोव्यातले जैन जेमतेम हजाराच्या घरात होते, आणि त्यातलेही बहुतेक नोकरी-व्यापारासाठी गेल्या काही दशकांत आलेले. इथली मूळ जैन घरं म्हणून दाखवावं असं काही नाही. आणि तरी रानात देऊळ आहे! माणसं नाहीत आणि देऊळ आहे, हेच खरं कोडं.

कुडणे हे सांखळीजवळचं गाव. हरवळ्याचा धबधबा तुम्ही पाहिला असेल, त्याच नदीच्या काठचं. हे पाणी पुढे मांडवीला मिळतं. रस्ते नव्हते त्या काळात याच पाण्यावरून सांखळीच्या बाजूला होड्या आणि पडाव येत. वर घाटातून चोर्ल्याच्या वाटेनं बैल उतरत. म्हणजे घाटावरचा माल आणि समुद्राचा माल एकमेकांना भेटण्याची ही जागा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गुजिर झाडीत आहे. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं चौकोनी गर्भगृह, त्यावर निमुळतं होत गेलेलं शिखर, पुढे मंडपाच्या जोत्याच्या खुणा. गर्भगृह रिकामं. नक्षी नाही, द्वारपाल नाहीत, भिंतीवर एक अक्षर नाही. श्रवणबेळगोळ किंवा मूडबिद्री बघून आलेल्या माणसाला हे अगदी साधं वाटेल. पण दहा मिनिटं तिथे उभं राहिलं की चिऱ्यांचे थर डोळ्यांत भरायला लागतात. प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित आत घेतलेला, चारही बाजूंनी सारखा. जांभ्यासारख्या ओबडधोबड दगडात ही वळणदार रेषा साधायला हात फार तयारीचा लागतो.

या दगडाविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण निम्मं कोडं त्यानंच घातलं आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत राहून टणक होतो. कोकण-गोव्यातली घरं, कुंपणं, विहिरी सगळं त्याचंच. पण त्याला छिद्रं फार. आपण कधी जांभ्याचा पाटा-वरवंटा पाहिलाय का? नाही, कारण त्याला टाकी लावली की तो झडतो. ज्या दगडाला पाट्याची टाकी सोसत नाही, तो शिलालेखाची बारीक अक्षरं कशी धरणार? तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ कदंबांच्या काळातलं, तेही रानातच. पण ते काळ्या दगडाचं आहे, म्हणून त्याची वेलबुट्टी, हत्ती, कमळं आजही बोलतात. आपलं गुजिर जांभ्याचं, म्हणून ते मुकं आहे. त्यावर एके काळी चुन्याचा गिलावा असेल, त्यावर रंग असतील. शेकडो पावसाळ्यांनी ते धुऊन नेलं आणि चिरे तेवढे राहिले.

मग हे जैन देऊळ कशावरून? या वास्तूची पाहणी आणि सफाई झाली तेव्हा मिळालेल्या तीर्थंकरमूर्तीच्या भग्न अवशेषांवरून. तीर्थंकरांची मूर्ती तुटलेली असली तरी ओळखता येते, आणि ही ओळख आपण आपल्या मुलांना शिकवलीच पाहिजे. पद्मासन किंवा कायोत्सर्ग, या दोनच मुद्रा. अंगावर दागिना नाही, हातात शस्त्र नाही, फूल नाही, आशीर्वादाला उचललेला हात नाही. कायोत्सर्गात दोन्ही हात सुटे, मांड्यांना न टेकता खाली सोडलेले. डोक्यावर सात फण्यांचा नाग असला तर पार्श्वनाथ. अशी मूर्ती रानात सापडली की लोक पटकन बुद्ध म्हणून मोकळे होतात. गोव्यात बुद्धमूर्तीही आहेत. बार्देशात कोलवाळजवळच्या मुशीर इथे १९३० मध्ये फादर हेरास यांना बुद्धमूर्ती सापडली आणि ती मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजातल्या त्यांच्या संस्थेत गेली. म्हणून नीट पाहणं महत्त्वाचं. एका हाताच्या ठेवणीवरून एका समाजाचा इतिहास जागा होतो किंवा झोपलेला राहतो.

आता नावाकडे येऊ.

सगळ्यात जवळचा अर्थ म्हणजे गुजिर म्हणजे गुजर, गुजरातेतून आलेले व्यापारी. पण इथे एक अडचण आहे, आणि आपल्या वाचकांना ती लगेच कळेल. 'बस्ती' हा शब्द कानडी 'बसदि'वरून आलेला, दिगंबर परंपरेतला, दक्षिणेतला. बांदिवड्याच्या बस्तीचा शिलालेख पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, विजयनगरच्या अंमलातला आहे आणि त्यात नेमिनाथांच्या बस्तीला दिलेल्या दानाची नोंद आहे. म्हणजे गोव्यातला जैन धर्म घाट उतरून आलेला दिसतो, कर्नाटकाकडून. मग कुडण्याच्या माणसांना गुजरात कुठून आठवला?

ही अडचण मला वाटतं आपणच उभी केलेली आहे. आज आपण दिगंबर आणि श्वेतांबर, कानडी-मराठी आणि गुजराती-मारवाडी असे दोन कप्पे करतो आणि जुन्या माणसांनाही त्यात कोंबतो. जुनी माणसं तशी राहत नव्हती. याला माझ्याकडे बेळगावचा पुरावा आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिली असेल. छताला उलटं लोंबणारं दगडी कमळ आहे तीच. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचण यानं १२०४ च्या सुमारास बेळगावात जिनालय उभारलं. त्या काळचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत जिनालयाला दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची यादी आहे, आणि त्या यादीत स्थानिक शेट्टी आहेत, मलयाळी व्यापारी आहेत आणि लाटदेशाचे, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेचे व्यापारीही आहेत! आठशे वर्षांपूर्वी बेळगावच्या बाजारात गुजराती माणूस बसत होता आणि दक्षिणी आचार्यांच्या बस्तीला आपल्या मालावरचा वाटा देत होता. पंथ कुठला, भाषा कुठली, हे कुणी विचारल्याचं त्या दगडावर लिहिलेलं नाही. तो व्यापारी चोर्ल्याच्या बाजूनं घाट उतरला, तर सांखळी-कुडण्यालाच पोचणार. आणि समुद्रातून गोव्याच्या बंदराला लागून पडावातून वर आला, तरी इथेच येणार.

समुद्राच्या वाटेची तर एक राजघराण्याची गोष्टच आहे. गोव्याच्या कदंब घराण्यातला गुहल्लदेव सोमनाथच्या यात्रेला समुद्रमार्गे निघाला होता. वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली आणि गोव्याच्या बंदराचा आसरा घ्यावा लागला. तिथल्या एका अरब व्यापाऱ्यानं त्याला मदत केली. पुढे १०५३ मध्ये पहिल्या जयकेशीच्या ताम्रपटात त्या व्यापाऱ्याच्या नातवाचा मान राखलेला आहे. म्हणजे अकराव्या शतकात गोवा ते सौराष्ट्र ही वाट नेहमीची होती.

याच जयकेशीची मुलगी मयणल्ला. गुजराती बायका तिला मीनळदेवी म्हणून ओळखतात, कारण ती गेली अणहिलवाड पाटणला, चौलुक्य राजा कर्ण याची राणी होऊन. ही गोष्ट आपल्या दोन जैन आचार्यांनी दोन तऱ्हांनी सांगितली आहे. हेमचंद्राचार्यांच्या 'द्व्याश्रय' काव्यात चित्र पाहून प्रेम जुळतं, सगळं कसं गोडगोड. मेरुतुंगाचार्यांच्या 'प्रबंधचिंतामणी'त मात्र, जो १३०४-०५ च्या सुमारास पुरा झाला, गोष्ट कडू आहे. मुलगी एवढ्या लांबून आली आणि ती रूपानं डावी म्हणून राजा लग्नाला नाही म्हणाला. तिनं सख्यांसह प्राण द्यायचं ठरवलं. तेव्हा तिच्या बाजूनं उभी राहिली ती सासू, राजमाता उदयमती. तुझ्या नकारानं ही मरणार असेल तर मीही जगत नाही, असं तिनं मुलाला बजावलं. ही उदयमती म्हणजे पाटणची राणीची वाव बांधणारी, जिचं चित्र आज आपल्या शंभराच्या जांभळ्या नोटेवर आहे. भाजी घेताना आपण ती नोट रोज देतो, आणि तिचा गोव्याच्या लेकीशी संबंध आहे हे आपल्याला माहीतही नसतं.

मयणल्लेचा मुलगा म्हणजे गुजरातचा मोठा राजा सिद्धराज जयसिंह, ज्याच्या दरबारी हेमचंद्राचार्यांनी व्याकरण रचलं. मेरुतुंगांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. सोमनाथच्या वाटेवर बाहुलोड इथे यात्रेकरूंकडून कर घेत. तो देता न आल्यानं गोरगरीब रडत परत फिरत. मयणल्ला यात्रेला निघाली असताना तिनं हे पाहिलं आणि तीही मागे फिरली. सिद्धराजानं कराचं उत्पन्न मोजून पाहिलं, ते लाखांत होतं. तरी त्यानं तो कागद फाडला आणि त्याचं पुण्य आईच्या ओंजळीत सोडलं. तिचे पूर्वज ज्या सोमनाथला निघाले होते, त्याची वाट तिनं गरिबांना मोकळी करून दिली.

ही सगळी गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे मीनळदेवीच्या माणसांनी कुडण्याचं देऊळ बांधलं. नाही, असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही कुणाला म्हणू देऊ नका. तसा एकही पुरावा नाही. शिवाय कदंब शिवाचे भक्त, त्यांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर. मला या गोष्टीतून एवढंच घ्यायचं आहे की, गोवा आणि गुजरात यांच्यात राजाच्या मुलीचं लग्न जुळावं इतकी ये-जा होती. जिथून वऱ्हाड जातं तिथून व्यापारी आधीच गेलेला असतो. कुडण्याच्या तोंडी गुजर राहिला असेल तर त्यात नवल काही नाही.

तरीसुद्धा सावध राहायला हवं. महाराष्ट्रात 'गुजर' हे नाव धर्माचं नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे सरसेनापती प्रतापराव गुजर, १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत पडले ते, मराठे होते. आणि मला कोल्हापूरची म्हणून आणखी एक शब्द ऐकू येतो. अंबाबाईच्या देवळाजवळ सराफांची पेठ आहे, तिला आम्ही 'गुजरी' म्हणतो. माझ्या मंगळसूत्राचे मणी गुजरीतलेच. जुन्या मराठीत गुजरी म्हणजे बाजार, विशेषतः संध्याकाळचा छोटा बाजार. गुजर जिथे बसतो ती गुजरी. मग गुजिर हे देवळाचं नाव नसून देवळाभोवती भरणाऱ्या बाजाराचं असेल का? बाजार उठला, जागेला नाव राहिलं, आणि जागेवर देऊळ तेवढं उरलं म्हणून नाव देवळाला चिकटलं? हा माझा तर्क आहे, तर्क म्हणूनच घ्या. पण गुजर म्हणा की गुजरी म्हणा, दोन्ही वाटा बाजारातच जातात. गावानं या देवळाची आठवण देवावरून ठेवली नाही, तिथे आलेल्या माणसांवरून ठेवली. आपल्या समाजाला यात थोडं वाईट वाटेल. मला मात्र हे पटण्यासारखं वाटतं. खेड्यातल्या शेतकऱ्याला गर्भगृहातले तीर्थंकर कितवे हे कुठून कळणार? पण मीठ, कापड, सोनं घेऊन येणारा परका माणूस कोण, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

दुसरं कोडं म्हणजे हे देऊळ ओस कुणी पाडलं? गोव्यात या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे, पोर्तुगीजांनी. ते इथे चालत नाही. पोर्तुगीजांनी देवळं पाडली ती सोळाव्या शतकात, तिसवाडी, बार्देश आणि साष्टीत. डिचोली, सत्तरी, पेडणे या 'नव्या काबिजादी' त्यांच्या हाती आल्या त्या १७८० च्या दशकात, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. तोवर देवळं पाडण्याचे दिवस मागे पडले होते. उलट त्या सोळाव्या शतकात पळून आलेल्या देवांना आसरा दिला तो याच डिचोली-फोंड्यानं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण कुडण्यापासून फार लांब नाही. दिवाडी बेटावरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ मोडलं तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार नार्व्याला आणलं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देवळाचा जीर्णोद्धार करायला लावला. तशी तारीख देवळाच्या दारावरच्या लेखात आहे. आणि त्याच नार्व्यात, हाकेच्या अंतरावर, आपला जैनकोट पडलेला आहे.

या दोन वास्तू एका दिवसात पाहा, मग उत्तर आपोआप समजतं. सप्तकोटेश्वराचं देऊळ पाडलं होतं, तरी तो देव वाचला, कारण त्याला उचलून नेणारे खांदे होते. जैनकोट आणि गुजिर ओस पडले, कारण उचलणारे खांदेच उरले नव्हते. बहमनींचा वजीर महमूद गवान यानं १४७२ मध्ये विजयनगरकडून गोवा घेतला, १५१० मध्ये पोर्तुगीज आले, बंदरं बदलली, व्यापाराच्या वाटा बदलल्या. व्यापारी माणूस वाटेबरोबर जातो. आधी एक घर जातं, मग दुसरं. पूजेला पंडित मिळेनासा होतो. चातुर्मासाला मुनी येईनासे होतात, कारण आहार द्यायला श्राविका नाही. मुनींचा आहार म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे, शोधाचं अन्न, गाळलेलं पाणी, सोवळ्यातली पडगाहन. ज्या गावात हे करणारी बाई नाही, त्या गावात मुनी थांबू शकत नाहीत. इतिहासकार राजे मोजतात. मला वाटतं बस्ती ओस पडण्याची तारीख स्वयंपाकघरात शोधावी. शेवटची चूल विझली त्या दिवशी गुजिर ओस पडलं, मग शिखर आणखी कितीही वर्षं उभं राहो.

आता आजचा प्रश्न. आमच्या महिला मंडळात एकदा हा विषय निघाला तेव्हा एक ताई म्हणाल्या, "आपलंच देऊळ आहे ना? मग एक मूर्ती बसवू, पंचकल्याणक करू, वर्षाला यात्रा भरवू. एवढं पैशाचं काय, देणारे पुष्कळ आहेत." भाव चांगला होता. बाकीच्या जणींनीही मान डोलावली. मी नको म्हणाले, आणि का नको ते इथेही सांगते, कारण हा प्रश्न फक्त कुडण्याचा नाही. कोकणात आणि घाटावर असे अवशेष जिथे जिथे निघतात तिथे तिथे आपला समाज याच वळणावर येतो.

पहिलं कारण कायद्याचं. गुजिर हे राज्य संरक्षित स्मारक आहे. गोव्यात यासाठी १९७८ चा कायदा आहे. तिथे एक वीट बसवायची तरी पुरातत्त्व खात्याला विचारावं लागतं, आणि ते योग्यच आहे.

दुसरं कारण पुराव्याचं. जीर्णोद्धार म्हटलं की आपण काय करतो? संगमरवरी फरशी, ऑइल पेंट, स्टीलचा कठडा, देणगीदारांच्या नावांची पाटी. मुक्या देवळाकडे बोलायला जे थोडं उरलंय ते चिऱ्यांच्या थरांत, जोत्याच्या मापांत, मातीत पुरलेल्या तुकड्यांत आहे. फरशी बसली की ते कायमचं गेलं. उद्या कुणी अभ्यासक आला आणि त्यानं हे शिखर बेळगावकडचं की आणखी कुठलं असा विचार करायचं ठरवलं, तर त्याला आपली फरशी मोजावी लागेल.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. हे देऊळ राखलं कुणी? आपण नाही. आपल्यापैकी कुणी तिथे नव्हतंच. कुडण्याच्या माणसांनी राखलं. त्यांचा देव वेगळा, सण वेगळे, आणि घर बांधायला चिरे तर सगळ्यांनाच लागतात. तयार घडवलेले चिरे रानात फुकट पडलेले असताना शतकानुशतकं शिखर जागेवर राहतं, याचा अर्थ गावानं त्याला हात लावला नाही. भीतीनं असेल, आदरानं असेल. न वापरलेलं दुसऱ्याचं देऊळ सांभाळणं आणि त्याचं नाव नातवंडांपर्यंत पोचवणं ही लहान गोष्ट नाही. या डिचोली तालुक्याची माती लोहखनिजासाठी किती खोदली गेली, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या, त्याआधी लाल धुळीनं इथली झाडं ओळखू येत नव्हती. टेकड्या गेल्या, झरे गेले. त्या सगळ्यात गुजिर टिकलं. अशा गावात आपण मालकी सांगत गेलो तर ते राखणदार उद्या परके होतील, आणि देऊळ खऱ्या अर्थानं अनाथ होईल.

अचौर्य म्हणजे न दिलेलं न घेणं, हे आपण पाठशाळेत लहानपणीच शिकतो. मला वाटतं ते इतिहासालाही लागू आहे. ज्याचा पुरावा नाही ते श्रेय घेऊ नये, आणि दुसऱ्यानं जे राखलं ते 'आमचंच' म्हणून उचलू नये. अपरिग्रहाचं व्रत सांगणाऱ्या समाजानं एका रिकाम्या गाभाऱ्याचाही परिग्रह करू नये, हे मला फार शोभून दिसतं.

मग आपण काही करायचंच नाही का? पुष्कळ करायचं आहे. सुट्टीत मुलांना गोव्याला आणता तेव्हा समुद्राबरोबर एक दिवस इकडेही द्या. सकाळी नार्वे, मग कुडणे आणि हरवळे, परतताना बांदिवडे. हरवळ्याच्या लेण्या जांभ्यातच खोदलेल्या आहेत. मुलांना तो दगड हातानं पाहू द्या, म्हणजे गुजिर मुकं का ते त्यांना न सांगता कळेल. गाभाऱ्यात शिरताना चप्पल काढा, णमोकार म्हणा, पण कुंकू, तेल, तांदूळ काही टाकू नका. गावातल्या म्हाताऱ्या बायकांशी बोला. त्या रानातल्या प्रत्येक वळणाला, पाणवठ्याला, दगडाला नाव आहे, आणि त्यातलं एखादं नाव गुजिरइतकंच जुनं निघेल. ती नावं वहीत लिहून ठेवा, तारीख घालून, सांगणारीला विचारून. शासनाच्या नोंदीत देवळाची मापं असतात, नावं नसतात. नावं बायकांकडे असतात. आणि देणगी द्यायचीच असेल तर कुडण्याच्या शाळेतल्या ग्रंथालयाला द्या, तिथली मुलंच उद्या या जागेची राखण करणार आहेत.

बांदिवड्याच्या बस्तीजवळ शिलालेख होता, म्हणून तिला नेमिनाथ परत मिळाले. बेळगावच्या व्यापाऱ्यांनी दगडावर यादी कोरून ठेवली, म्हणून लाटदेशाचा माणूस आपल्याला दिसला. कुडण्याकडे दगडावर काहीच नव्हतं, फक्त बोलणारी माणसं होती. त्यांनी अर्थ हरवलेला एक शब्द पिढ्यान् पिढ्या जसाच्या तसा सांभाळला. तो आपणही तसाच सांभाळावा. गुजिरला उद्या कुणी मोठं संस्कृत नाव देऊ म्हणालं, तर आपण बायकांनी तेवढं मात्र होऊ देऊ नये.